दुसऱ्या उडीचा पेंढा

वाकोल्याच्या बाजारात प्रेमाबाई भाजीवालीला आता सांगावं लागत नसे की सुगंधाला कोहळा आख्खाच हवा असतो. ती टोपलीतले चार-पाच कोहळे पुढे सारायची आणि विचारायची, "आज कोणाचं डोकं गं?"

"माझ्या नणंदेचं," सुगंधा म्हणाली.

प्रेमाबाईचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "शेवंतीचं?"

"तिचंच. दोन दे. आणि साल जाड नको. माणसाच्या कवटीला कोणी चिलखत घालून पाठवलेलं नसतं."

सुगंधा सहदेव पालव ही अंधेरीला कुर्ला रोडवरच्या एका स्टुडिओत कपडेपटात शिवणकाम करायची. राजाचे झगे, दरोडेखोरांचे फेटे, नाचणाऱ्या पोरींच्या चोळ्या, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. कपडेपटाचा एक साधा नियम होता. किमती कापडाला आधी कात्री लावायची नाही. आधी त्याच मापाचं स्वस्त मांजरपाटावर बेतायचं, टाचून बघायचं, चुकलं तर मांजरपाट वाया जातो. मगच रेशीम कापायचं. हा नियम शिंप्याच्या पोराला कळतो, पण लाखाच्या गोष्टी करणाऱ्या सिनेमावाल्यांना कळत नव्हता. तिथे सगळा उलटा कारभार. कपडा बेतून बघायचे आणि माणूस मात्र सरळ वरून खाली टाकायचे.

हे पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं ते एका जळत्या झोपडीच्या सीनला. ओलं गोणपाट पांघरलं की आग काही करत नाही, असं सगळ्या सेटचं ठाम मत होतं. कोणी करून पाहिलं होतं म्हणून नव्हे, प्रत्येक स्टंटच्या सिनेमात हिरो तसाच ओलं कांबळं घेऊन आगीतून बाहेर येतो म्हणून. सुगंधाने कोणाला न विचारता गोणपाट भिजवलं, त्याच्या आत दोन मेणबत्त्या बांधल्या आणि काठीने ते जाळाशेजारी धरलं. थोड्या वेळाने उघडलं तेव्हा दोन्ही मेणबत्त्यांनी माना टाकलेल्या. गोणपाट जळलं नव्हतं, नुसतं वाफाळत होतं. तिने ते तसंच नेऊन दत्ताराम मास्तरांच्या पुढ्यात टाकलं.

दत्ताराम मास्तर म्हणजे मारामाऱ्या आणि उड्या बसवणारा फायट मास्टर. गडी मनाचा वाईट नव्हता. त्याने मेणबत्त्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाला, "वैनी, माणूस काय मेणाचा असतो?"

"नाही ना. मेण पुन्हा ओतता येतं."

तेव्हापासून तिने बुजगावणं सुरू केलं. ज्याला उडी मारायची त्याला वखारीच्या काट्यावर उभं करायचं, तेवढ्या रत्तलाची वाळू गोणत्यात भरायची, हातपाय शिवायचे आणि मानेवर कोहळा बांधायचा. बुजगावणं वरून टाकायचं. कोहळा फुटला, तर माणूस उडी मारणार नाही. एवढंच शास्त्र. तिचं शिक्षण मराठी सातवी, व्हर्नाक्युलर फायनल. विज्ञानाचं पुस्तक तिने शाळेत जेवढं पाहिलं तेवढंच.

घरी सासूबाईंना याचाच राग. बाईमाणसाने आख्खा कोहळा फोडू नये, तो बळीच्या जागी असतो, पहिला घाव पुरुषाने घालायचा, ही रीत. सुगंधा म्हणायची, "आई, मी कुठे फोडते? मी तर तो फुटू नये म्हणून हात जोडून खाली उभी असते."

आणि ते खरंच होतं. घरातल्या फळीवर सातेरी देवीची तसबीर होती. सकाळी तिला नमस्कार केल्याशिवाय सुगंधा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. एकदा फायटर पोरांना कोणी एका बाबाने मंतरलेले गंडे दिले. मनगटाला बांधा, पडलात तरी लागणार नाही म्हणून. पोरांनी बांधले. सुगंधाने त्यातला एक मागून घेतला, कोहळ्याला बांधला आणि बुजगावणं माडीवरून लोटायला लावलं. कोहळ्याच्या चार फाका झाल्या, गंडा शाबूत. पोरं हसली, काहींनी गंडे काढून खिशात घातले. एक जण म्हणाला, "वैनी, तुमचा देवावर विश्वास नाही काय?" ती त्याच्यावर जी उसळली! "देवावर आहे म्हणूनच! देव काय तुझ्या मनगटाला चार आण्यात बांधून घ्यायचा असतो?"

अशी ती. सदा फणकाऱ्यात. पण हा फणकारा कुठून आला ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी त्याबद्दल तिच्या तोंडावर बोलत नसे.

सात वर्षांपूर्वी, पन्नास साली, तिचा नवरा सहदेव याच स्टुडिओत डुप्लिकेट होता. हिरोच्या जागी उड्या मारायचा. मालवणकडचा, उंचापुरा, माडावर सरसर चढणारा. एका सिनेमात किल्ल्याच्या बुरुजावरून खाली पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीत उडी होती. पेंढा असला की कितीही वरून उडी मारा, काही होत नाही, हेही असंच सिनेमाने शिकवलेलं. त्या दिवशी सहदेव डबा विसरून गेला होता. सुगंधा डबा घेऊन सेटवर गेली, गाडीच्या चाकाला टेकून उभी राहिली. त्याने उडी मारली, हसत उठला. टाळ्या पडल्या. डबा देऊन ती घरी आली, आणि संध्याकाळी निरोप आला की त्याची पाठ मोडली.

सहदेव जगला. पण कमरेखाली पाय म्हणून जे होतं ते नुसतं अंथरुणाला ओझं. तेव्हापासून तो वाकोल्याच्या चाळीत खाटेवर, आणि सुगंधा कपडेपटातल्या मशीनवर.

इस्पितळाच्या व्हरांड्यात, स्टुडिओची दहा माणसं उभी असताना, सासूबाईंनी बोटं मोडून दिवस मोजले. दोन खोल्यांच्या घरात सुनेचे दिवस सासूला ठाऊक असणारच. आणि मग त्या ओरडल्या. सून बाहेरची होती, कावळा शिवलेला, तशात ती गाडीला हात लावून आली. तिच्या विटाळाने घात केला. आत खाटेवर सहदेव शुद्धीवर होता. त्याने ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

सुगंधा काही बोलली नाही. कारण हात लावला होता हे खरं होतं. दिवसही खरा होता. पुढे कितीतरी वर्षं त्याची कूस बदलताना, त्याच्या पाठीचे व्रण पुसताना तिच्या मनात यायचं, खरंच मी केलं का हे? ज्या बाईने वाफेपासून गंड्यापर्यंत सगळं तपासून बघितलं, तिने ही एक गोष्ट तपासली नव्हती. भीती वाटायची. कोहळा फुटला तर?

आता सत्तावन्न साल. शेवंती, सहदेवची धाकटी बहीण, विशीतली, दादाच्या वरताण. झाडावर चढणं, घोड्यावर बसणं, सगळ्यात पुढे. हिरॉइनीची डुप्लिकेट म्हणून ती वर्षभर काम करत होती. आणि नव्या सिनेमात राजकन्या किल्ल्यावरून उडी मारून पळते, खाली पेंढ्याची बैलगाडी, असा सीन आला. उंची बावीस फूट. सहदेवची होती तेवढीच. सेट लावणारेही तेच, त्यांनी जुन्याच बुरुजाला नवा रंग फासला होता.

त्या सकाळी सुगंधा दोन कोहळे पिशवीत घालून घरात आली, टेप गळ्यात अडकवली आणि निघाली, तर सासूबाई दारात आडव्या.

"खंय चल्लंस गो? आज दुसरो दिस मां तुजो?"

"हो."

"मगे घरात बस. त्या दिसाक पण अशीच गेललंस. माज्या झिलाची पाठ मोडून इलंस. आता चेडवाची मोडतलंस?"

सुगंधाने खाटेकडे पाहिलं. सहदेव भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नव्हता. झोपेतला त्याचा श्वास तिला ठाऊक होता.

"अहो, तुम्ही काही बोलणार आहात?"

शेवंतीच म्हणाली, "आये, वैनी नाही आली तर मी उडी मारणार नाही. चल गं वैनी."

रस्त्याने शेवंती तिला हसवायला बघत होती. "खरं सांग, माझ्या डोक्यात कोहळ्यापेक्षा जास्त काही आहे का?"

"कमीच आहे. कोहळ्यात निदान बिया असतात."

सेटवर ही गर्दी. घोडे, भालेवाले, आरसे धरून उन्हात उभे राहिलेले लाइटवाले. प्रॉडक्शन मॅनेजर चंद्रप्रकाश घाम पुसत हिंडत होता. मराठी बोलायचा, पण हिंदीच्या चालीवर. सुगंधाच्या पिशवीकडे बघताच त्याचा तोल गेला.

"अहो बाई, इथे शंभर माणूस खडा आहे, डायरेक्टरसाहेब घड्याळ बघतायत, आणि तुम्ही भाजी घेऊन आल्या?"

"भाजीच आहे. फुटली तर कँटीनमध्ये सांबारात घाला. माझी नणंद फुटली तर कशात घालाल?"

चंद्रप्रकाशने दत्ताराम मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाला, "एकदा टाकू दे त्यांना. पाच मिनिटांचं काम."

सुगंधाने शेवंतीच्या वजनाचं, एकशे चार रत्तलाचं बुजगावणं आदल्या दिवशीच शिवून ठेवलं होतं. तिने कोहळा बांधला, पदर खोचला आणि सवयीने पेंढ्यात बांबू खुपसून त्याला टेप लावली. साठ इंच. गाडीच्या फळीपासून वर पाच फूट मोकळा, फुगलेला पेंढा. एवढं करून ती लांब जाऊन उभी राहिली. गाडीला की पेंढ्याला तिचा हात लागला नव्हता, बांबूचं टोकच लागलं होतं. सासूबाईंचे शब्द कानात होते, नाही म्हटलं तरी.

दोघा लाइटवाल्यांनी बुरुजावरून बुजगावणं लोटलं. धप्प. पेंढा उडाला. मास्तरने आत हात घालून कोहळा वर काढला. आख्खा. साधी चीरही नाही.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. सुगंधाने डोळे मिटून मनात सातेरीला हात जोडले.

"झालं समाधान?" चंद्रप्रकाश म्हणाला. "मी बोललो होतो, पेंढा आहे, काय होत नाही. सहदेवच्या वेळी पण हाच पेंढा, हीच हाईट. काय प्रॉब्लेम नव्हता. पण त्या दिवशी..." तो थांबला. थांबायलाच हवं होतं, पण तो पुढे बोलला. "म्हणून म्हणतो, बाईमाणसाने सेटवर थोडा विचार करून यावं. तुमच्या सासूनेच सांगितलं होतं सगळ्यांना. मी नाही सांगत."

शेवंती "ए मॅनेजर!" म्हणत पुढे सरली, तिला सुगंधाने हाताने मागे लोटलं.

सुगंधाचा चेहरा तांबडालाल झाला होता. सात वर्षं जे घशात अडकून होतं ते बाहेर आलं, आणि शंभर पुरुषांत बाईने जे उच्चारायचं नसतं तेच आलं.

"आजही माझा दुसरा दिवस आहे," ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऐकलंत? आज मी बाहेरची आहे. घरी देवाच्या फळीला मी आज शिवले नाही, ते माझं आणि देवाचं. पण हा पेंढा काही देव नाही. हा बघा, लावला हात." तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पेंढ्यात घातले. चाकाला हात लावला, जूला लावला. "आता न्या ते बुजगावणं वर आणि टाका. माझ्या विटाळात एवढी ताकद असेल तर मलाही बघायचीय."

लाइटवाले एकमेकांकडे बघत राहिले. डायरेक्टर खुर्चीतून अर्धवट उठला होता. मास्तर हळूच म्हणाला, "वैनी, राहू दे ना. शेवंतीची उडी होऊन जाऊ दे."

"टाका म्हणते ना!"

तोच कोहळा, तीच उंची. बुजगावणं खाली आलं. या खेपेला आवाज वेगळा झाला. धप्प नव्हे, ठाप. मास्तरने हात घातला आणि काही वेळ बाहेर काढलाच नाही. मग काढला. कोहळ्याचे दोन तुकडे, मधून पांढरा गर आणि बिया.

कोणी शिट्टी मारली नाही. एका भालेवाल्याने कानाच्या पाळ्या धरल्या. चंद्रप्रकाश दोन पावलं मागे सरकला, जणू सुगंधाची झळ लागत होती. "बघा," तो पुटपुटला. "बघा. मी काय सांगत होतो."

सुगंधाने आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणजे खरं होतं. सासूबाई खऱ्या ठरल्या, आणि जो माणूस सात वर्षं खाटेवर सडला तो तिच्याच हातांनी. तिला आठवलं, त्या दिवशी चाक उन्हाने तापलेलं होतं आणि तिने तळहात झटकला होता. शेवंतीने तिचा दंड धरला.

"वैनी. ए वैनी. तू माप घे ना."

"कसलं माप?"

"तू सगळ्याचं घेतेस. घे."

उगाच, हाताला काही काम हवं म्हणून, सुगंधाने बांबू उचलला आणि पेंढ्यात खुपसला. तो लगेच फळीला लागला. तिला वाटलं तिरका गेला. काढून पुन्हा खुपसला. टेप लावली. सव्वीस इंच.

तिने आकडा पुन्हा वाचला. मग पेंढ्यावर हात दाबला. मघाशी त्यात हात कोपरापर्यंत गेला होता तो गाडीच्या कडेला. मधोमध, जिथे बुजगावणं पडलं होतं, तिथे पेंढा गादीसारखा चेपून बसला होता, आणि खाली लाकडाची फळी.

तिचा राग परत आला, आणि आता त्याला जागा मिळाली.

"मास्तर! इकडे या. हात घाला. घाला! काय लागतं?"

"फळी," मास्तर म्हणाला.

"पहिल्या वेळी साठ इंच होता. पहिल्या दणक्याने तो बसला. आपण कोणी हलवला? कोणी नाही. त्याच बसलेल्या पेंढ्यावर दुसऱ्यांदा टाकलं." ती चाकावर पाय देऊन गाडीत चढली. नऊवारीचा काष्टा सावरला आणि दोन्ही हातांनी पेंढा उपसायला, झटकायला, फुगवायला लागली. कवटाळून वर फेकत होती, त्यात गुडघ्यावर बसली, लोळलीच म्हणा ना. केसांत काड्या, तोंडावर धूळ. "घ्या! हातच नाही, आता अंगभर शिवले. दुसरा कोहळा बांधा आणि टाका. फुटला तर मी आयुष्यात या सेटवर पाऊल ठेवणार नाही."

डायरेक्टर कधीचा जवळ येऊन उभा राहिला होता. तो लाइटवाल्यांना एवढंच म्हणाला, "टाका."

दुसरा कोहळा आख्खा निघाला.

मास्तरने तो दोन्ही हातांत धरला होता. मास्तर सुगंधाकडे बघत नव्हता, कोहळ्याकडेच बघत होता.

"वैनी," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही डबा देऊन गेलात ना, त्यानंतर दुसरा टेक झाला. पहिल्यात घोडा मध्ये आला होता. सहदेव दुसऱ्या टेकला पडला."

"पेंढा हलवला होता?"

"नाही," मास्तर म्हणाला. "कोणाच्या डोक्यात पण नाही आलं. पहिली उडी झकास झाली होती ना."

"सात वर्षं, मास्तर. सात वर्षं तुम्ही माझ्या हातचा चहा पिता. एकदा तरी सांगायचंत, दुसरा टेक होता म्हणून."

"मला काय ठाऊक त्यात काय आहे ते? तुमच्या सासूबाईंनी सांगितलं आणि..." त्याने मान खाली घातली. "पटलं आम्हाला."

"पटणारच. पेंढ्याला विचारायला गेलं तर वाकावं लागतं. बाईचं नाव घ्यायला काय, उभ्या उभ्या घेता येतं."

शेवंतीची पहिली उडी झाली. मग डायरेक्टरने हात वर केला, अजून एक. चंद्रप्रकाश सवयीने ओरडला, "चलो, चलो, ऊन जातंय!" शेवंती राजकन्येच्या जरीच्या वेषात गाडीच्या जूवर बसून राहिली. "आधी पेंढा," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही मारा उडी, तुमचं पोट आहे, पेंढ्याची गरज नाही." फायटर पोरं फिदीफिदी हसली. दत्ताराम मास्तर स्वतः गाडीत चढला, आणि सुगंधाने टेपने साठ इंच मोजून दिल्याशिवाय खाली उतरला नाही. दुसरी उडीही झाली. शेवंती पेंढ्यातून वर आली ती शिंकत.

संध्याकाळी दोघी घरी पोचल्या तेव्हा सासूबाई बाहेरच्या नळावर होत्या. शेवंती खाटेपाशी उकिडवी बसली आणि हातवारे करत सहदेवला सगळं सांगायला लागली. कोहळा कसा राहिला, कसा फुटला, मॅनेजरचं तोंड कसं झालं, वैनी पेंढ्यात कशी म्हशीसारखी लोळली. "आणि दादा, साठाचा सव्वीस! दोन दणक्यांत! तुझ्या वेळी पण तसंच झालं असणार. वैनीचा काही संबंध नव्हता!"

सुगंधा दाराशी उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला वाटलं होतं तो चमकेल, उठायला धडपडेल, रडेल. तो छताकडे बघत होता. त्याला कशाचंही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

कपडा बेताना कापडाची वीण कुठे विरली आहे ते तिच्या बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून. तसं झालं.

"शेवंती, तू जरा बाहेर जा," ती म्हणाली. शेवंती गेली. "अहो. तुम्हाला माहीत होतं."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी विचारतेय."

"वर चढलो," सहदेव म्हणाला. आवाज खोल गेलेला. "दुसऱ्या टेकला. खाली बघितलं. पहिल्या वेळी पेंढा गाडीच्या कडेवर होता. आता कडेच्या खाली गेलेला. दिसत होतं मला."

"मग?"

"मास्तर ओरडला, रेडी? मी म्हटलं, रेडी."

"का?"

"सगळे बघत होते गं. पहिली उडी झाल्यावर पेंढा हलवा म्हणालो असतो तर पोरं हसली असती. सहदेव पालव घाबरला म्हणाली असती. वाटलं, होईल."

"आणि इस्पितळात? आई माझं नाव घेऊन ओरडत होत्या तेव्हा? तुम्ही जागे होता. मी बघितलं होतं."

बाहेर नळाखाली कळशी भरत होती, तिचा आवाज चढत गेला.

"मला बरं वाटलं," तो म्हणाला. "तुझं नाव निघालं, मग मला कोणी विचारलंच नाही."

सुगंधाला वाटलं होतं, हे कधी कळलं तर आपण किंचाळू, भांडी फेकू. तसं काही झालं नाही. तिच्या हातांना अजून पेंढ्याचा वास येत होता. या हातांनी तिने त्याची घाण काढली होती, त्याची पाठ पुसली होती, आणि पुसताना प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्याची माफी मागितली होती. तो ते बघत होता. रोज.

"अडीच हजार दिवस झाले असतील," ती म्हणाली. "त्यातल्या एका दिवशी सांगायचं होतं. नुसतं एकदा. मी काय तुम्हाला टाकून गेले असते?"

"सुगंधा..."

"नाव घेऊ नका माझं. सात वर्षं घेतलंत तेवढं पुरे."

ती दारात गेली आणि तिने हाक मारली, "आई! आत या."

सासूबाई कळशी कमरेवर घेऊन आल्या. "काय झाला गो? चेडू बरा मां?"

"शेवंती बरी आहे. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय. बसा." तिने पाट सरकवला. मग खाटेशी जाऊन सहदेवच्या पाठीमागे उशी लावली, नेहमीसारखी, दोन्ही काखांत हात घालून त्याला वर ओढलं, नीट बसवलं. त्याने तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

"सांगा," ती म्हणाली. "मला सांगितलंत तसं. शब्द न शब्द. पेंढा दिसत होता, तिथपासून."

त्याने सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. शेवंती बाहेरून दारापाशी येऊन उभी राहिली होती, तिनेही ऐकलं. म्हातारी कळशी मांडीवर धरून बसली होती, ती खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. तिचं लुगडं भिजत होतं.

"मगे इतकी वर्सां गप कित्याक रवलंस?" तिने मुलाला विचारलं.

सहदेवने सुगंधाकडे पाहिलं. बिल आणणाऱ्याला, चौकशीला येणाऱ्या पाहुण्याला, आईच्या कटकटीला, सगळ्याला त्याच्या वतीने तीच उत्तरं देत आली होती. आताही तो तिच्याकडेच बघत होता, सवयीने.

"माझ्याकडे काय बघता?" सुगंधा म्हणाली. "तुमच्या आईने तुम्हाला विचारलंय."

आणि तो तोंड उघडेपर्यंत ती तिथेच, खाटेच्या पायथ्याशी, उभी राहिली.